कढीपत्त्यासाठी लाइट

आमच्या मंदारचं ऐका. अमेरिकेची सिटिझनशिप हातात पडली आणि पठ्ठ्याने ठरवलं, आता घरात गांजा लावायचा. मिशिगनमध्ये चालतं हो, पण मराठी मंडळात चालत नाही ना! महिनाभर माझं डोकं खाल्लं, रोपांसाठी हा लाइट घेऊ की तो? शेवटी भलामोठा एलईडी आणून कपड्यांच्या क्लोझेटमध्ये टांगला आणि ट्रायलला चालू ठेवला. बिया अजून यायच्या होत्या, तेवढ्यात शेजारच्या जोशी काकू पुरणपोळ्या द्यायला आल्या. मी तिथेच होतो. क्लोझेटच्या दाराखालून लख्ख उजेड येत होता.

"आत काय आहे रे?"

"काकू, ते... कढीपत्ता. इथल्या थंडीत मरतो ना, म्हणून लाइट."

कढीपत्त्याचं नाव काढल्यावर काकूंना राहवतंय होय! त्यांनी सरळ दार उघडलं, लाइट खालून-वरून न्याहाळला, नुसती माती भरलेल्या कुंडीत बोट खुपसलं. मंदार पांढराफटक.

"वेडा आहेस का तू?" काकू कडाडल्या. "कढीपत्त्याला एवढा लाइट? अरे, काकांच्या गुडघ्यांसाठी आम्ही गांजा लावलाय, त्यालासुद्धा याच्या निम्मा पुरतो!"