दहा वाजताची भाकरी

— अहो, परत आणली म्हणून एवढं लाजता कशाला? बसा त्या स्टुलावर. पिशवी राहू द्या काउंटरवर, बघते मी. आधी गरम खा, मग भांडा. उपाशी माणसाचं भांडण लांबतं. तासाभरापूर्वी मीच तर पुडी दिली तुमच्या हातात — समोरच्या बँकेत नवे आलात ना, तारनाक्याहून येता? हौ, चेहरा विसरत नाही मी. बरकतपुऱ्यात अकरा वर्षं झाली माझ्या, म्हणजे ह्या चतुराबाईच्या, भाकरी केंद्राला, पण भाकरी परत घेऊन येणारे तुम्ही पहिलेच बघा. रेणुका, साहेबांना दोन ज्वारीच्या टाक गं! — अरे देवा, पडलं झाकण. पडू द्या. आज सकाळपासून हातातून सगळं निसटतंय, पिठाचा हात आहे ना.

काय वाचताय भिंतीवर? ‘पहिला सोमवार — बीपी, शुगर. टाळणारीला त्या दिवशी चहा नाही.’ माझंच अक्षर ते. हसू नका, चहा बंद केल्याशिवाय बायका दंड पुढं करत नाहीत. आधी काय व्हायचं — माझ्याकडं सहा बाया, आणि रोज कुणी ना कुणी दवाखान्यात. आज हिचं डोकं, उद्या तिची कंबर. दुखणं अंगावर काढायचं, अगदी आडवं झालं की खासगीत पळायचं, तिथं ढीगभर तपासण्या, पिशवीभर गोळ्या, पगार तिथंच संपला की माझ्याकडं उचल. मी म्हटलं, मी काय बँक आहे? बँकवाले तुम्ही! मग माझ्या लेकीनं, स्वप्नानं, नीट बसवून सांगितलं — ती औषधाच्या कंपनीत आहे — म्हणाली, आई, दुखणं महाग नसतं, उशीर महाग असतो. झालं, लागले मागं. वर्गणी काढून बीपीचं मशीन घेतलं. बारीकसारीक तपासणीला वस्तीतला सरकारी बस्ती दवाखाना, फुकट होते, रांगेत उभं राहायची लाज कशाची? गोळ्या अंबरपेठच्या जेनेरिकच्या दुकानातून — डॉक्टरला विचारायचं, हेच औषध साध्या नावाचं चालेल का? बहुतेक वेळा चालतं, आणि निम्म्याहून कमी पैशात येतं. विमा माझ्यासकट सातही जणींचा एकत्र. एकेकटी गेलो तर कुणी दारात उभं करत नव्हतं, सात जणी मिळून गेलो तर खुर्च्या दिल्या! आणि फॉर्मवर सगळं खरं लिहायचं. शुगर लपवली तर ऐन वेळी हात वर करतात ते.

पण खरा पैसा कशानं वाचला सांगू? भाकरीनं. हसताय? त्या रेणुकालाच विचारा. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हिची भाकरी म्हणजे परातीसारखी गोल, कड सगळीकडून सारखी. त्या दिवशी बघते तर एका बाजूला पातळ, एका बाजूला ही जाड! मी ओरडले, लक्ष कुठंय तुझं? तर म्हणते, ताई, डावा हात ऐकतच नाही. तवा तसाच टाकला, ऑटो केली. डॉक्टर सारखं एकच विचारतोय — केव्हापासून? केव्हापासून? हिला कुठं सांगता येतंय! पण आमच्या प्रत्येक पुडीवर चिठ्ठी असते, थापणारीचं नाव आणि वेळ, शिळी भाकरी कुणाला जाऊ नये म्हणून. मी निघताना उचललेल्या हिच्या दोन पुड्या डॉक्टरच्या टेबलावर उघडल्या. ही आठची, गोल. ही साडेआठची, वाकडी. त्यानं दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. म्हणाला, वेळेत आणलंत बाई, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळेल. आठ दिवसांत घरी आली. खर्च सगळा विम्यातून. आता कशी टपाटप थापते, बघा!

मला? मला आहे ना बीपी, सात वर्षं झाली. पण मी हुशारी करते — कुणाला सांगू नका हं — आकडा खाली आला की गोळी एक दिवसाआड. एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने जातात! असं काय बघताय? स्वप्नासारखेच डोळे वटारता की. आणि सोमवारी मशीन मी धरते, मग माझ्या दंडाला कोण बांधणार? चहासुद्धा मीच ओतते. मालकीणच आजारी निघाली तर बाया घाबरतील... खोटं कशाला बोलू, बाया नाही, मीच घाबरते. डॉक्टर घरी बस म्हणाले तर? मी बसले तर ह्या सहा जणींनी जायचं कुठं? जाऊ द्या, तुम्ही खा. तुमची तक्रार राहूनच गेली. मीठ कमी होतं? कच्ची राहिली? थांबा, सोडते पुडी — ही गाठ सुटत का नाही — सोडा हो जरा तुम्हीच.

अगं बाई. ही काय भाकरी म्हणायची? इकडं पापड नि तिकडं धपाटं. रेणुका! तुला परत काही होतंय का गं? हात दाखव बघू, दोन्ही वर कर. बरोबर आहेत की. मग कुणी थापली ही? चिठ्ठी वाचा हो साहेब, मला चष्मा... काय? परत वाचा.

दहा वाजता. चतुराबाई.

...

रेणुका, तवा उतरव. नाही, रडायचं नाही, तू रडली नव्हतीस. ऑटो बोलाव, आणि स्वप्नाला फोन लाव — गोळ्यांचं मीच सांगते तिला, शिव्या खाईन. नऊच्या पुडीत माझी एखादी असेल तर तीही घे. साहेब, उठा, धरा मला. डावा नको, उजवा हात धरा. आणि ती भाकरी टाकू नका. डॉक्टरला दाखवायचीय.