नऊ नंबरच्या गेटाची कडी

पुरवणी जबाब
दि. १६ सप्टेंबर, बुधवार, सकाळी १०.२०

नाव : क्लिफर्ड आर्थर होल्डिच. वय : ७१ वर्षे. धंदा : बुटाच्या कारखान्यात चामडे कापणारा, आता निवृत्त, वर्षातून चार दिवस वूल्डन हीथच्या मोटार-शर्यतीच्या मैदानावर गेटावरचा सुरक्षा कर्मचारी. शिक्षण : पंधराव्या वर्षापर्यंत शाळा, पुढचे गावच्या वाचनालयात. राहणार : चॅपल लेन, थॉर्ली मॅग्ना, नॉर्थॅम्प्टनशायर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी न बोलावता, जबाब देतो तो असा.

सुरुवातीला मी सार्जंट पॉलीन रडकिन यांना सगळ्यांची खुशाली विचारली. त्या म्हणाल्या, हे लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहाच, कारण ज्यांची विचारतो आहे ती सगळी या प्रकरणातलीच माणसे आहेत. सार्जंटबाईंचा स्वतःचा गुडघा बरा आहे, फक्त जिना चढताना बोलतो. बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणाऱ्या ट्रकचा चालक गॅरेथ पेल याने जुलैपासून कुठल्याच गाडीच्या स्टीयरिंगला हात लावलेला नाही, त्याला कामावर बायको सोडते. माझ्या जोडीला गेटावर असणाऱ्या मिसेस बेरिल टॉलिंग्टन यांची रक्तदाबाची गोळी एकाच्या दोन झाली. मयत रेजिनाल्ड फॅव्हल यांची मुलगी मिस जूडिथ कशी आहे, यावर सार्जंटबाईंनी पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "झोपत नाही ती, मि. होल्डिच." माझी खुशाली त्यांनी विचारली, ती मी सांगितली नाही.

मी यापूर्वी दि. १३ जुलै रोजी याच ठाण्यात जबाब दिला आहे. त्यात, मैदानाकडे माझी पाठ होती, गेटातून कोणाला जाताना मी पाहिले नाही आणि गेट कसे उघडले ते मला माहीत नाही, असे नमूद आहे. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खोटी आहे.

कामाचे स्वरूप विचारल्यावरून सांगतो की, मी तेवीस वर्षे त्या मैदानावर नऊ नंबरच्या गेटावर उभा राहतो. गेट लोखंडी जाळीच्या कुंपणात आहे. पलीकडे गवताचा पट्टा आणि त्याला लागून शर्यतीचा रस्ता. गेटाला आतून एकच आडवी कडी आहे. आमचे तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ गाड्यांकडे. मागे वळून पाहायचे नाही, हा पहिला नियम. कारण आपण वळलो की समोरची सगळी वळतात आणि पुढे सरकतात. तेवीस वर्षांत मी एकही शर्यत पाहिलेली नाही. गाडी आली की समोरच्या माना डावीकडून उजवीकडे फिरतात, त्यावरून मला कळते. शर्यत संपली की शेवटी हिरवा दिवा लावलेली गाडी फेरी मारते. ती गेल्यावर बिनतारी संचावर "रस्ता मोकळा" असा शब्द येतो. मग आम्ही दोर सोडतो, गेट उघडतो आणि लोक रस्त्यावर धावतात. पोरे डांबराला हात लावून बघतात, बाप त्यांचे फोटो काढतात. ती अर्धी घटका पाहायला मी वर्षभर थांबतो.

मयत रेज फॅव्हल हे दारेखिडक्यांचे सांधे जोडणारे सुतार होते, वय ७८, राहणार केटरिंग. ते आणि त्यांची पत्नी ऑड्री दरवर्षी माझ्या गेटाच्या उजव्या अंगाला दोन घडीच्या खुर्च्या टाकून बसत. ऑड्रीबाई वहीत फेऱ्यांच्या वेळा लिहीत आणि नवऱ्याला बोटभर मागे सरकवत, "क्लिफला कामाला लावू नकोस." त्या फेब्रुवारीत वारल्या. यंदा रेजने एकच खुर्ची आणली होती.

शुक्रवारी सकाळी तो मोहरीच्या पुडीचा पिवळा डबा घेऊन गेटाशी आला. आमचे बोलणे आठवते तसे सांगतो.

तो म्हणाला, "क्लिफ, हिला आणलंय."

मी म्हटले, "डब्यात?"

"तिनेच हा धुऊन ठेवला होता. वाया घालवायची नाही काही. तिला पलीकडच्या गवतावर ठेवायचंय."

"रविवारी सगळं झालं की गेट उघडतोच की. सगळ्यांबरोबर जा."

"सगळ्यांबरोबर गेलो तर ती चार हजार बुटांना चिकटून घरोघरी जाईल. तिला लोकांकडे जाऊन बसायचा कंटाळा होता, तुला ठाऊक आहे."

मी हसलो. त्याला म्हटले, रविवारी बघू. असे "बघू" मी आयुष्यात पुष्कळांना म्हटलेले आहे, पण ते धरून बसणारा तो एकटाच निघाला.

रविवार, दि. १२ जुलै. शर्यत तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी संपली. तीन एक्केचाळीसला माना डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरल्या आणि कोणीतरी "हिरवा गेला" असे ओरडले. मी ती गाडी पाहिलेली नाही. बिनतारीवर शब्द आलेला नव्हता. दोराच्या एका टोकाला मी, दहा पावलांवर दुसऱ्या टोकाला बेरिल. समोर सगळी माणसे पायाच्या चवड्यांवर. रेज माझ्या कोपराशी येऊन उभा राहिला.

"गेला ना शेवटचा?" त्याने विचारले.

"शब्द येऊ दे."

"शब्द आला की ही सगळी येणार. दोन मिनिटं दे, क्लिफ. तेवीस वर्षं इथे उभा आहेस, एक गाडी तुला बघता आली नाही. निदान माझं तरी एक काम कर."

त्याने चहाची थर्मास माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "धर. झाकण नीट बसत नाही, उभीच ठेव. गार व्हायच्या आत येतो."

मी उजवा हात पाठीमागे नेला आणि कडी सरकवली. वळलो नाही. वळलो असतो तर गेट उघडले असे वाटून लोकांनी दोर तोडला असता. म्हणून माणसाला जाऊ देताना पुढे काय आहे ते न पाहता मी त्याला जाऊ दिले. तो गेल्यावर टाचेने गेट ढकलून लावले. कडी परत घातली नाही, कारण तो यायचा होता.

त्यानंतर मी जे पाहिले ते एवढेच. समोर पहिल्या रांगेत गालांवर झेंडा रंगवलेली एक मुलगी होती. तिची मान डावीकडे गेली. मग तिच्या शेजारच्यांची. मग सगळ्यांची. मला वाटले, अजून एक राहिली होती वाटते. माना डावीकडून निघाल्या. माना नेहमी पार उजवीकडे जातात. त्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या.

कोणी ओरडले नाही. तेवढ्या माणसांत मला एका थर्मासच्या झाकणाचा आवाज ऐकू येत होता. बेरिलने वळून पाहिले. मी पाहिले नाही. मी दोर धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "मागे व्हा, जरा मागे व्हा." आवाज नेहमीसारखाच आला. दूरच्या वळणावर बंद पडलेली गाडी उचलायला थांबलेला तो ट्रक हिरव्या दिव्याच्या मागून येत होता, हे मला नंतर कळले. गॅरेथ पेलची काही चूक नाही, त्या गवताच्या कडेला माणूस असेल असे त्याला वाटायचे कारणच नव्हते. रेज वाकलेला होता.

मी आजपर्यंत ते पाहिलेले नाही. मला ती तोंडे दिसतात. दुकानात पाव घेताना, चर्चमध्ये, माणसे नुसती माझ्याकडे पाहत असली तरी मी त्यांच्या माना बघतो, कुठे वळतात ते. पाठीमागे काही आहे असे वाटते आणि वळवत नाही. बायको म्हणते, मानेचे डॉक्टरला दाखवा.

दि. १३ जुलैला मला विचारले गेले की, कडी सैल होती का. मी म्हणालो, माहीत नाही. तेवढ्यावर पुढचे सगळे झाले. सकाळी गेटे तपासून कागदावर सही करायचे काम बेरिलचे होते. कडी नीट बसवली नव्हती असा तिच्यावर ठपका आला, बिल्ला काढून घेतला. ऑगस्टमध्ये ती मला भाजीच्या दुकानात भेटली. म्हणाली, "अरे क्लिफ, मी दोन्ही हातांनी दाबली होती रे ती कडी. दाबली होती ना? तू होतास ना तिथे?"

मी म्हणालो, "तू नेहमीच दाबतेस."

"आता मी घरचा गॅससुद्धा तीनदा बघते. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही बघ." मग म्हणाली, "तू बारीक झालास. जेवतोस ना?" आणि तिच्या पिशवीतली दोन सफरचंदे तिने माझ्या पिशवीत टाकली.

दुसरे जे झाले ते याहून वाईट. डबा गवतावर उघडा सापडला. म्हातारा, बायको गेलेली, तिची राख घेऊन आपण होऊन गेट उघडून शर्यतीच्या रस्त्याकडे गेला. लोकांनी एकाला एक जोडून त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. कोणी बोलून दाखवला नाही, म्हणून तो खोडायलाही कोणी नव्हते.

मिस जूडिथ फॅव्हल यांनी अंत्यविधीनंतरच्या चहाला मला बोलावले. वडिलांशी शेवटचे बोललेला माणूस म्हणून मला खिडकीजवळची खुर्ची दिली. त्या जिल्ह्याच्या परिचारिका आहेत, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधतात. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मि. होल्डिच, बाबा काही म्हणाले का हो?"

मी म्हणालो, "गर्दी फार होती, मिस फॅव्हल."

"मी त्यांना म्हटलं होतं, माझ्याकडे राहायला या. मागची खोली रिकामी करते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी जरा चिडलेच. मला म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं ते चांगलं येतं, हवं तर कुणालाही विचारा, पण बापाशी नाही जमलं. मग तो रविवार आला. मला वाटतं, तेच त्यांचं उत्तर होतं."

मी तिच्या हातचे हॅमचे सँडविच खाल्ले. दोन खाल्ली. निघताना तिने केकचा तुकडा कागदात बांधून दिला, "मिसेस होल्डिचना." तो मी घरी नेला आणि आम्ही तो खाल्ला, हेही लिहावे.

काल दुपारी तिचा फोन आला. उद्या गुरुवारी न्यायाधीशांसमोर मृत्यूची चौकशी आहे. ती म्हणाली, "मी येणार नाही. ते मोठ्याने म्हटलेलं मला ऐकवणार नाही. तुम्ही जाल ना? नंतर मला थोडक्यात सांगा, म्हणजे पुरे." मी बरे म्हणालो. फोन ठेवला आणि कोट शोधला. बस सुटून गेली होती म्हणून आज सकाळी आलो.

सार्जंट रडकिन यांनी मला समजावले की, या जबाबावरून माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि वकील बोलावण्याचा मला हक्क आहे. मी म्हटले, समजले, तुम्ही लिहा. रेजची थर्मास मी सोबत आणून हजर करीत आहे. तिच्यातला चहा मी तिसऱ्या दिवशी ओतला आणि ती धुतली. तसे करायला नको होते.

आता ज्यासाठी आलो ते सांगतो. गेटाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे सांगता येत नव्हते, म्हणून दोन महिने ते माझ्यापाशीच राहिले आणि ज्या मुलीचे होते तिला मिळाले नाही. कडी सरकवण्याआधी, आम्ही उभे असताना, मी रेजला विचारले होते, पुढच्या वर्षी येशील ना. तो म्हणाला, "येणार तर. पण जूडिथच्या गाडीतून. मंगळवारी चाललोय तिच्याकडे, खोली बघायला. पिवळा रंग लावलाय म्हणे भिंतींना. मला मुळीच आवडायचा नाही. पण बोलायचं नाही असं ठरवलंय. तिला अजून कळवलेलं नाही हं, एकदम दारात उभा राहणार आहे."

हे शब्द त्याचेच आहेत. त्यात मी काही घातलेले नाही. तो रडत नव्हता. घाईत होता.

माझी विनंती आहे की, हा जबाब उद्या न्यायाधीशांपुढे जाण्याआधी मिस फॅव्हल यांना सांगावा, आणि फोनवर नको, कोणीतरी घरी जाऊन, बसून सांगावा. मिसेस टॉलिंग्टन यांचा बिल्ला परत द्यावा. त्यांची कडी घट्ट होती, ती सरकवताना मला जोर लावावा लागला.

वरील जबाब सार्जंट रडकिन यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "पिवळा रंग" या जागी त्या थोड्या थांबल्या, मग पुढे वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे तंतोतंत लिहिला आहे. वाचून झाल्यावर मी एकच जोड घालायला सांगितली, ती अशी : मिस फॅव्हल यांनी माझ्याशी बोलावे अशी माझी अपेक्षा नाही. पण त्यांना हे कळले, आणि त्या रात्री झोपल्या की नाही, एवढे सार्जंटबाईंनी मला दोन ओळींत लिहून पाठवावे. पत्ता वर दिला आहे. उत्तर लवकर यावे.

समक्ष : पॉलीन रडकिन, सार्जंट
सही : क्लि. आ. होल्डिच