चांगलं मटन कुठं भेटते, मले नका विचारू

...नाही, बसा तुम्ही, चहा घ्या, पण मटनाचं मले विचारू नका राजेहो. चांगलं कवळं मटन कुठं भेटते म्हणे. अरे, विहिरीले पाणी कुठं लागन ते विचारा, पोराले नवरी कुठं भेटन ते विचारा, सांगतो. पण हे... मुंबई राज्य गेलं, महाराष्ट्र आला, पंचायत समिती आली, दारात यष्टी आली, अन् चांगलं मटन कुठं भेटते हे अजून कोणी सांगून नाही राह्यलं.

आता विषय काढलाच तं ऐका. मागच्या साली आखाडात आमचे इवाई आले. इंद्रभानजी, आमच्या चांगुणाचे सासरे, मोताळ्याकडचे. आखाडात इवाई दारात आला म्हणजे मटन करा लागते, नाही का? पुढं श्रावण, मंग महिनाभर वांगे अन् वालाच्या शेंगा. मी आपला गेलो गावातल्या खाटकाकडं, जे होतं ते आणलं, अन् ते काही शिजेना. तुमची वहिनी दुपारपासून चुलीपुढं, सुपारी टाकून पाह्यली, कच्ची पपई टाकून पाह्यली, लाकडं सरले पण मटन काही हटेना. इवाई बसले चावत. माणूस सभ्य, जेवताना एक शब्द नाही. हात धुता धुता म्हणाले, "महादेवराव, तुमच्या गावात सगळ्यांचे दात मजबूत असतीन, नाही?"

झालं. तेवढं वाक्य त्यांच्यासंगं मोताळ्याले गेलं अन् आमच्या पोरीच्या मांगं लागलं. भाकर जराशी कडक झाली की सासू म्हणे, "माहेरच्या मटनावानी." पोळी वातड झाली, "माहेरच्या मटनावानी." अहो, खाटेची सुतळी तुटेना तं तेही माहेरच्या मटनावानी! दिवाळीले पोरगी आली तं माझ्यासंगं नीट बोलेना. मले लय लागलं ते. लेकीले बाप लुगडं देते, दागिना देते, अन् म्या काय दिलं? वर्षभर पुरन असा टोमणा.

म्हणून औंदा इवाई पुन्हा आखाडात येतो म्हणाले तं ठरवलं, काही होवो, इवायाच्या ताटात मेंढीचं कवळं कोकरूच वाढीन. आता चांगलं मटन कुठं भेटते? शेजारी पुंजाजीले विचारलं. तो म्हणते, "गावात काऊन घेता? संग्रामपूरले जा. सातपुड्याचा पाला खाल्लेलं जनावर, चुलीवर ठेवलं की इरघळते." गेलो. यष्टीत उभा राहून गेलो, कमरेचा पार काटा ढिला झाला. तिथला खाटीक काय म्हणते? "आमचं चांगलं जनावर इथं कुठं ऱ्हाते भाऊ, ते तं धाड गावच्या बाजारात जाते." म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाले मी, अन् मटन त्या टोकाले. पुढच्या बाजारी गेलो धाडले.

धाडले एक व्यापारी मेंढी धरून उभा. नवीनच कातरलेली, अंगावर लोकर नाही म्हणून एवढीशी दिसे, डावा कान फाटका. मले म्हणे, "शेठ, पिलू आहे पिलू. दात पाहा, दुधाचे आहेत अजून." पाह्यले. एवढे एवढे बारके दात. मी भुललोच होतो... तेवढ्यात बाजूले मिरच्या घेऊन बसलेली एक बाई म्हणे, "दादा, ते दुधाचे नाही, झिजलेले हायत. हे म्हातारी दर बाजारले येते. तिले कोणी घेत नाही." मी त्या मेंढीकडं पाह्यलं, मेंढीनं माझ्याकडं पाह्यलं, आमच्या आत्याबाईवानी. मिरच्या घेतल्या अन् घरी आलो.

अन् दुसऱ्याच दिवशी, तुम्हाले खोटं वाटन, यष्टी थांबली, चांगुणा उतरली, इवाई उतरले, अन् टपावरून उतरली मेंढी. डावा कान फाटका!

इवाई असे खुशीत. "महादेवराव, म्हटलं तुम्हाले उगा तरास काऊन. बैलजोडी पाहाले धाडले गेलतो, येता येता हे कोकरू घेऊन ठेवलं. दात पाहून घेतलं हो. साऱ्या मोताळ्याचे बैल माझ्या नजरेखालून जातात, मले कोण फसवन?"

मेंढीनं मले ओळखलं, राजेहो. मी मान फिरवली. आता सांगा, काय करावं माणसानं? म्हातारी हाय म्हणावं, तं चार लोकांत इवायाची मान खाली जाते, अन् पोरीले त्याच घरी नांदा लागते. नाही सांगावं, तं शिजणार माझ्या चुलीवर, अन् नाव पुन्हा माहेरचंच. दारात चांगुणा उभी, माझ्या तोंडाकडं पाहून राह्यलेली. मी म्हटलं, "वा इवाईबुवा, लय कवळं आणलं."

तुमची वहिनी बाहेर आली, एकदा पाह्यलं अन् माझ्या कानात म्हणे, "हे तं मागच्या सालच्या मटनाची माय हाय."

मंग पुन्हा सुपारी, पुन्हा पपई, पुन्हा लाकडं. दिवस मावळला. पानं मांडली, बसलो चावत. कोणी बोलेना, बोलाले जबडा मोकळा पाह्यजे ना. इवायाच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, तेवढ्यात मलेच विचारतात, "कवळं हाय, नाही?" मी म्हटलं, "लोणी हाय, लोणी." अन् आमची चांगुणा, भांडं घेऊन पुढं आली, तोंड असं गरीब करून म्हणे, "मामाजी, अजून वाढू? तुम्हीच तं निवडून आणलं."

नाही कसं म्हणतीन? म्हणाले, "वाढ."

पोरीनं वाढलं, अन् तोंडाले पदर लावून आत पळाली. वर्षभरानं हसली हो माझी पोरगी. सकाळी निघताना जवळ आली अन् म्हणे, "बाबा, दिवाळीले लवकर न्याले या." त्यानंतर ते वाक्य मोताळ्यात कोणी काढलं नाही. कोण काढन? आता ते मटन माहेरचं नाही, सासरचं.

बरं झालं म्हणता? हाव, बरंच झालं. पण यष्टीत चढता चढता इवाई म्हणाले, "महादेवराव, तुम्हाले मटनातलं काही समजत नाही. धाडले माणूस पक्का भेटला आपल्याले. आता दर आखाडात मीच घेऊन येत जाईन."

म्हणून म्हणतो राजेहो, चांगलं मटन कुठं भेटते, मले नका विचारू. मी आपलं परसात पपईचं झाड लावलं. पुढच्या आखाडापर्यंत धरते म्हणतात.