युएछिनच्या थर्मासमधली गोजी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावाचे सचिव लू साहेब, जिल्ह्याहून अगत्याने आलेले आरोग्याधिकारी, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती डॉक्टर त्सुई शुफेन, आणि शेवटचा तोडा आटपून, घाईघाईने हातपाय धुऊन आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हौ चांगशान. माझी ओळख नव्याने करून द्यायला नको. गोजीबद्दल कुठे बोलायचं असलं की चोंगनिंगच्या जत्रेपर्यंत तुम्ही मलाच पुढे ढकलता. डोळ्यांना बळ, अंगाला लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं, अकरा वर्षं तेच भाषण चाललंय. त्यात खोटं काही नाही, हे इवलंसं लाल फळ गुणाचंच आहे. मघाशी सचिवसाहेब माझ्या कानात म्हणाले, "हौदादा, आज गोजी नको हं. डॉक्टरबाईंवर बोल आणि पाच मिनिटांत आटप." प्रयत्न करतो, साहेब. पण गोजी वगळून बाईंवर कसं बोलणार?

एकतीस वर्षांपूर्वी बाई इथे आल्या, तेव्हा कौतुकाने त्यांनी आमच्या वाळवणावरून हात फिरवला. ओल्या गोजीला बोट लागलं की ती काळी पडते, हे शहरातल्या मुलीला कुठून माहीत असणार? अख्खं वाळवण काळं झालं. माझी आई ओरडली, "अगं, सुई धरायचे हात ते! फळात कशाला घालतेस?" तेव्हापासून वाळवण दिसलं की बाई हात पाठीमागे बांधून चालतात. हसा, हसा. त्याच हातांनी या सभागृहातली निम्मी मंडळी या जगात आणली आहेत.

मग गेली तीन वर्षं दवाखान्याचा बाक रिकामा का? आज मागच्या खुर्च्या रिकाम्या का?

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. माझी बायको, युएछिन.

तिच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. मोठ्या इस्पितळातून रक्त पातळ करणारी गोळी आली. बाईंनी विचारलं, "झाडपाला, मुळ्या, औषधी असं काही घेता का?" आम्ही दोघांनीही नाही म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. गोजीला औषध आपल्यात कोण म्हणतं? सकाळच्या पेजेत ती, मटणाच्या रश्श्यात ती, थर्मासच्या गरम पाण्यात तर दिवसभर तीच. औषधं विचारल्यावर आपण पाणी पितो, हे कुणी यादीत सांगतं का?

इथपर्यंतची चूक दोघांची. पुढची माझी एकट्याची.

आठवड्याने बाई घरी आल्या. युएछिन मागे वाळवण हलवत होती. बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं आणि तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "चांगशान, हे आजपासून बंद. या गोळीवर गोजी गेली की रक्त नको इतकं पातळ होतं. मूठ सोड, चिमूटसुद्धा नको. तिला सांग, आणि उद्या तिचं रक्त तपासायला घेऊन ये."

होय, मंडळी. बाईंनी सांगितलं होतं.

मी हो हो म्हटलं. चार दिवसांवर जत्रा होती, भाषण पाठ होतं. मनात म्हटलं, ज्या फळावर आमच्या तीन पिढ्या वाढल्या, ते माझ्याच बायकोला बाधेल? मी तिला सांगितलं नाही. तपासायलाही नेलं नाही. उलट ती थकलेली दिसली म्हणून मूठ दुप्पट केली. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, आज पाणी फार गोड केलंस रे. काय लबाडी केलीयस?" एकोणिसाव्या दिवशी तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण उजवं अंग आणि वाचा गेली.

जिल्ह्याहून चौकशीला माणसं आली. मी अंगणात सगळ्यांसमोर म्हणालो, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." बाई समोर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडूनच राहून गेलं असेल." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन रडलो. त्या म्हणाल्या, "ती आता जन्मभर तुझ्या हातून जेवणार. त्या हाताची तिला भीती वाटायला नको. माझं काय, तीन वर्षांनी जायचंच आहे."

ती तीन वर्षं आज संपली. रोज ठरवायचो, आज गावाला सांगू. रोज तिला भरवायला बसलो की शब्द गिळायचो. अधिकारीसाहेब, हे आपण लिहून घ्यावं.

युएछिन पहिल्या रांगेत बसली आहे. तिला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. रोज दुपारी ती डाव्या हाताने गोजीच्या बरणीकडे बोट दाखवते आणि मी नुसतं गरम पाणी देतो. ती रुसून तोंड फिरवते. का देत नव्हतो, ते तिला आज कळलं. आत्ता ती माझ्याकडे बघत नाहीये. बघ म्हणायचीही मला हिंमत नाही.

संयोजकांनी मला इथे उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास पोटात घालावं, अशी विनंती शेवटी करायची असते. ती मी कोणत्या तोंडाने करू? बाई, गावाने तुमच्याकडे पाठ फिरवली ती माझ्यामुळे. मला क्षमा करा. आणि युएछिन, संध्याकाळी मी पेजेचा चमचा पुढे करीन. तू तोंड उघडलं नाहीस, तर काय करायचं, ते मला माहीत नाही.