अर्ध्या धोंड्याचा पस्तावा

वजनाच्या ऑपरेशनचा पस्तावा होतो का, हे मला सगळेच विचारतात. होतो. पण कुणाला होतो, ते ऐका.

ऑपरेशननंतर धोंड्याचा महिना लागला आणि जावयाला जेवायचं बोलावणं आलं. सासुरवाडी कुंभार पिंपळगावची. बायको म्हणाली, "पोट कापलं म्हणून आईला सांगू नका, रडत बसंल. बारीक कसे झाले विचारलं तर सकाळी फिरतो म्हणा." मी तसंच म्हणालो.

आधी पुरणाचे धोंडे मी मोजत न्हवतो. यंदा अर्ध्यावरच हात थांबवला. सगळे एकमेकांकडं पाहू लागले. जावई रुसला, असं त्यांचं ठरलं.

मेव्हणा जवळ आला. "दाजी, तुमची मोटारसायकल बैलानं न्हाई पाडली, मीच पाडली होती. आता जेवा."

"अरे, पोट भरलं."

सासूबाई म्हणाल्या, "मागचा शर्ट आम्हाला अहेरात आल्ता, तोच तुम्हाला दिल्ता. पण जेवा."

"मामी, खरंच भरलं."

मंग सासऱ्यांनी टोपी काढली. "जावई, तुम्ही पाहायला आल्ते, तव्हा तुमचं अंग पाहून मी न्हाईच म्हणलो होतो. हिनंच हट्ट धरला, करीन तर ह्यांच्याशीच. तेच कानावर आलं ना तुमच्या?"

बायको तूप आणायला जल्दी आत गेली. तूप माझ्या ताटापाशीच होतं.

शेवटी मी शर्ट वर करून ऑपरेशनच्या खुणा दाखवल्या. सासऱ्यांनी टोपी परत घातली. म्हणाले, "हे आधी सांगायचं ना. आता बोललेलं वापस कसं घ्यावं?"

तर पस्तावा आहे. पण तो तिकडं, कुंभार पिंपळगावला.