सगळे कागद वाचून दाखवणारी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पेशंटला स्वतःचा निर्णय घेण्याइतकी समज आहे का, हे कायद्यानं तपासायचं माझं काम तुम्हाला माहीतच आहे. तर दौंडच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. भांडगावचे एक आबा, शुगरनं पाय सडलेला, पण पाय कापायच्या संमतीवर अंगठा देईनात.

मुलगा म्हणाला, "मॅडम, डोकं फिरलंय त्यांचं. आईशी बोलत बसत्यात. आईला जाऊन सात वर्षं झाली. तुम्ही तेवढं लिहून द्या, त्यांच्या जागी सही मी करतो."

मी संमतीचा कागद माझ्याकडं वळवून धरला आणि आबांना विचारलं, "पाय काढला नाही तर काय होईल?"

"मरंन की, दुसरं काय."

"मग काढायचा का?"

"व्हय. पन ह्या कागदावर न्हाई."

"का?"

"मला वाचाया येत न्हाई. समदे कागद हीच वाचून दावायची. आत्ता बी तुमच्या मागं हुभी राहून वाचलाय तिनं. उजवा पाय लिवलाय म्हणती."

पट्टी डाव्या पायाला होती. कागदावर खरंच 'उजवा' होतं. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

कागद बदलला, आबांनी मुकाट अंगठा दिला. माझ्या अहवालात 'निर्णयासाठी मदत कोणी केली' असा एक रकाना असतो. मी खोटं लिहीत नाही. 'पत्नी' असं लिहिलं.

आबा डोळे मिटूनच म्हणाले, "नुसतं पत्नी नगा लिवू. नाव लिवा म्हणती."