बंडीत बसलेली जर्सी

कापसानं सगळ्याइले रडवलं ना, त्या वर्षातली गोष्ट हाय, ऐका. जोडधंदा म्हणून आमच्या घरी सरकारी योजनेतली जर्सी गाय आली. बाबानं पहिल्याच सकाळी तिले गावरान गायींसंगं गावच्या कळपात सोडलं. ढोरं चारणारा किसन म्हणे, "भाऊ, हे बाई उन्हात चालन का?"

"चार पाय हायेत ना तिले? चालन!"

दुपारी किसन धावत आला. "भाऊ, ते पळसाखाली बसली. उठूनच नाही राह्यली!"

मंग बाबानं बैलबंडी जुंपली. आम्ही तिच्या अंगावर पाणी ओतलं आन् पाच-सहा जणांनी रेटून तिले बंडीत चढवलं. गावातून वरात निघाली. बैल घामाघूम, आन् वरती जर्सी आरामात रवंथ करून राह्यली. आई तं हसून हसून दारातच बसली.

दुसऱ्या दिवशी किसननं हाक मारली. साऱ्या गायी कळपाकडे निघाल्या. जर्सीबी उठली आन् सरळ बंडीपाशी जाऊन उभी राह्यली.

आता गावात कळप नाही. घरोघरी अशाच गाई हायेत, आन् किसन टेम्पोतून हिरवा चारा विकते. परवा बाबानं त्याले छेडलं, "काबे किसन, ढोरं वळणं सुटलं ना तुह्यं?"

"कायचं सुटते, भाऊ! पहिले हाक मारली का ढोरं बाहीर येत. आता हॉर्न वाजवला का मालक येतेत."